हिस्सा चार, हिस्सा पाच

किनाऱ्याने रस्ता येणार हे आमच्या वाडीला कळले ते खुंट्यांमुळे. मोजणीची माणसे आली, लोखंडी साखळी ओढत माडांमधून फिरली आणि टोकाला लाल रंग फासलेल्या खुंट्या ठोकून निघून गेली. पुढे काही आठवड्यांनी चावडीच्या भिंतीवर यादी लागली. तिच्यात सर्व्हे नंबर होते, हिस्सा नंबर होते, गुंठे होते आणि नावे होती. नावांतली बरीचशी माणसे केव्हाच मेलेली होती.

ही एकोणीसशे साठनंतरची गोष्ट. मी तेव्हा गावच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. लग्न व्हायचे होते आणि आईवडलांबरोबर राहत होते. वाडीत वाचता येणाऱ्या बायका दोनचारच. पुरुष एकतर मुंबईला, नाहीतर दर्यावर. त्यामुळे यादी वाचायला मला बोलावले. मी नावे मोठ्याने वाचली, पण आकड्यांशी अडले. 'एकेचाळीस, हिस्सा चार' म्हणजे कुठली जमीन, हे मला सांगता येईना, आणि समोर उभ्या असलेल्यांपैकी कोणालाही येईना.

आमच्याकडे जमिनीला नंबर असतो हे ठाऊक नव्हते असे नाही, पण तो कधी लागत नसे. जमीन नावाने ओळखायची. भेंडीकडचा मळा, देवळामागचे उन्हाळी भाताचे वायंगण, खारीतला कोपरा. सारा भरायचा तो माणसाच्या नावावर. पावती कौलाखालच्या फळीवर खोचून ठेवायची आणि विसरायची.

मी शनिवारी शाळा सुटल्यावर चावडीवर गेले. तलाठी घाटावरचे होते, तिशीतले. त्यांनी कपाटातून कापडावर चिकटवलेला गावचा नकाशा काढून जमिनीवरच पसरला.

"हे बघा बाई, हा सबंध गाव. प्रत्येक तुकड्यात जो आकडा आहे तो सर्व्हे नंबर. पण एका नंबरात जर चारसहा जणांची वहिवाट असली, तर त्याचे हिस्से पाडलेले असतात. ते ह्या नकाशात दिसायचे नाहीत. त्याला फाळणीचा नकाशा पाहावा लागतो. आणि तो हिस्सा कोणाच्या नावावर आहे हे बघायचं तर सात-बारा."

"लोक नाव सांगून विचारतात, ते मिळत नाही का?"

"मिळतं, पण एकाच नावाची माणसं गावात किती निघतात! आकडा मात्र एका जमिनीला एकच. नंबर धरून आलात की लगेच सापडेल. फक्त जुनं खरेदीखत असेल तर सांभाळा. त्याच्यावर जुना नंबर असतो. जुन्याचा नवा कुठला झाला ते वेगळ्या तक्त्यात बघायचं."

इतके सोपे होते ते. आधी गावचा नकाशा, मग फाळणी, मग सात-बारा. मला ते गणितासारखे आवडले. पुढचे काही शनिवार मी वाडीतल्या लोकांना घेऊन चावडीवर गेले आणि ज्याची त्याची जमीन कागदावर शोधून दिली. कोणाचे वायंगण सापडले की म्हातारे तोंडभर हसायचे. माझी मान थोडी ताठ झाली होती, हे खरे.

यादीत माझ्या वडलांचेही नाव होते. 'सर्व्हे नंबर एकेचाळीस, हिस्सा चार.' वडील पूर्वी शिडाच्या जहाजावर तांडेल होते. पाय जायबंदी झाल्यावर घरी बसले होते. त्यांना ते पटेना.

"आपल्या माडांत खुंटी खंय आसा?" ते म्हणाले. "एक पण नाय. सगळे खुंटये काकीच्या घरात मारलेले आसत."

ते बरोबर होते. काकी म्हणजे आमची शेजारीण. नात्याची नव्हे, पण मी बोलायला लागले तेव्हापासून ती काकी. नवरा तापाने गेल्यावर मासळी विकून तिने एकुलती मुलगी वाढवली आणि आचऱ्याला दिली. सामाईक विहिरीच्या उत्तरेला तिचे घर, दक्षिणेला आमचे माड, आणि माडांपलीकडे वेगळ्या नंबरात आमचे घर. खुंट्या तिच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, जाऊन विहिरीच्या अलीकडेच गावाकडे वळत होत्या, आणि यादीत मात्र तिचे नावच नव्हते.

मी फाळणीच्या नकाशाची नक्कल पातळ कागदावर उतरवून घेतली आणि रविवारी दुपारी ती घेऊन जमिनीवर उभी राहिले. विहीर नकाशात होती. विहिरीकडे तोंड केले, दर्या डाव्या हाताला घेतला, कागद फिरवून जुळवला. विहिरीच्या वर हिस्सा चार, खाली हिस्सा पाच. वर म्हणजे उत्तर. उत्तरेला काकीचे घर. मी कागद उलटा धरला असेन म्हणून परत पहिल्यापासून पाहिले. वाळूत अर्धा गाडलेला हद्दीचा दगडही नकाशात होता तिथेच होता.

काकीचे घर हिस्सा चारमध्ये होते, आणि हिस्सा चार माझ्या वडलांच्या नावावर होता. आमचे माड हिस्सा पाचमध्ये होते, आणि त्याचा सात-बारा काकीच्या मेलेल्या सासऱ्याच्या नावाचा होता.

तलाठी स्वतः येऊन बघून गेले. "नावं अदलाबदल होऊन पडली आहेत," ते म्हणाले. "हिस्से मोजले तेव्हा कोणीतरी उलट सांगितलं असणार. सारा दोघांचाही सारखाच, म्हणून कधी उघडकीला आलं नाही."

माझे आजोबा आणि काकीचा सासरा दोघेही तेव्हा जहाजावर असतील, असे वडील म्हणाले. घरी नुसत्या बायका. मोजणीदाराने नावे विचारली असतील, कोणी जाणाऱ्या-येणाऱ्याने सांगितली असतील.

तलाठी आमच्या ओटीवर बसले. आईने त्यांना शहाळे दिले आणि ती दाराशी उभी राहिली.

"दोन गोष्टी होऊ शकतात," ते म्हणाले. "दोघांनी माझ्या वरच्या सर्कलसाहेबांपुढे जबाब दिलात तर फेरफार होऊन नावं दुरुस्त होतील. मग रस्त्यात जाते ती जमीन त्या बाईंची ठरेल आणि भरपाई त्यांना मिळेल. नाही दिलात, तर कागदावर तुमची जमीन जाते, भरपाई तुम्हाला. आणि हिस्सा पाच त्या बाईंचाच राहतो. माडांसकट."

"माडांसकट?" आईने विचारले.

तलाठ्यांनी रिकामे शहाळे खाली ठेवले आणि वहाणा घातल्या.

ते माड आईचे होते. वडील वर्षातले आठ महिने दर्यावर असायचे तेव्हा तिने एकटीने ते लावले, कळशीकळशीने शिंपले. मला आठवते तेव्हापासून तिच्या उजव्या कमरेवर कळशीचा काळा घट्टा होता. तलाठी गेल्यावर ती एकच वाक्य बोलली. "माझे माड, आणि कोणाक इचारून तेंनी दुसऱ्याच्या नावार लिवल्यानी?" मग आत जाऊन चुलीपुढे बसली.

वडील म्हणाले, "चूक सरकारची. ती दुरुस्त करूची. जेचा तेका. हेच्यात कोणाचा काय बुडणा नाय."

हे अगदी खरे होते, आणि तरी आम्ही तिघेही एकमेकांकडे बघत नव्हतो. कागद दुरुस्त झाला की काकीला थोडी भरपाई मिळणार होती, पण जागा उरणार नव्हती. किनाऱ्याची जागा कोणी विकत देत नसे, मासळी विकणाऱ्या एकट्या बाईला तर नाहीच. कागद चुकीचाच राहिला तर तिला घर बांधायला जागा होती. आमचे म्हणणे बरोबर होते, आणि त्यानेच ती बेघर होणार होती.

जबाबाचा अर्ज मीच लिहिला. अक्षर चांगले काढले. तो घेऊन काकीकडे जाताना मला मनातून वाटत होते की तिने काही विचारू नये. हे वाटणे मला कळत होते आणि त्याची लाजही वाटत होती.

काकी खळ्यात वाळत घातलेले बांगडे परतत होती. तिचा आवाज एरवी दर्यावर ऐकू जायचा. बाजारात ती ओरडली की पलीकडच्या वाडीतले कुत्रे उठायचे, असे आम्ही चेष्टेने म्हणत असू.

"काय गो बाये, कागद घेवन इलंस?"

"काकी, हेच्यार अंगठो लावचो लागतलो."

तिने पदराला हात पुसून अंगठा पुढे केला. "खंय लावू? दाखय."

कागदात काय लिहिले आहे हे तिने विचारलेसुद्धा नव्हते. मी कागद मागे घेतला.

"आधी आयक. मगे लाव."

मी तिला सगळे सांगितले. नकाशा काढून दाखवला. विहीर दाखवली. तिने कागदावरच्या विहिरीवर बोट ठेवले आणि खऱ्या विहिरीकडे बघितले.

"म्हणजे तुझ्या आवशीचे माड कागदार माझे?"

"होय."

"आणि ह्या माझा घर तुमचा?"

"कागदार."

तिला हसू आले. खोकला येईपर्यंत ती हसली. "मेल्यांनी काय लिवल्यानी बग!"

"काकी, हसा नको. तू अंगठो लावलंस नाय, तर माड तुझेच रवतले. घर बांधूक जागा रवात. कोण तुका काय म्हणूक शकणा नाय. मी सांगतंय तुका."

हे बोलताना माझ्या डोळ्यांपुढे आई होती. मी तिचे माड दुसऱ्याच्या हातात देत होते. पण न सांगता अंगठा घेणे मला जमले नसते.

काकीने राहिलेले बांगडे परतले. मग म्हणाली, "त्या माडांच्या मुळात मी वर्सावर्सा मासळेची टकली घातलंय, ता खरा. पण शिपूक तीच होती. पावस सोडलो तर एक दीस तिका बसलली बगूक नाय मी. तिचे माड घेवन तेंच्या बुडात घर बांधलंय तर माका झोप लागात?"

"मगे तू जातलंस खंय?"

"चेडू आसा मा आचऱ्याक. हाड तो कागद."

तिने अंगठा लावला. मला हलके वाटले. माड वाचले, हा पहिला विचार मनात आला, आणि दुसरा विचार असा आला की मला हलके वाटता कामा नये. तो दुसरा विचार मग गेलाच नाही.

सर्कल आले तेव्हा चावडीवर वाडीतली बरीच माणसे जमली. काकीने नवे लुगडे नेसले होते. सर्कलनी तिला विचारले, "बाई, यात काय लिहिलंय ते समजलं ना? कोणाची जबरदस्ती नाही ना?"

"नाय साहेब," ती म्हणाली. "आमच्या मास्तरणीन सगळा समजावन सांगलेला आसा."

माझी मान खाली गेली. तिने ते कौतुकाने म्हटले होते.

फेरफार झाला. गणपतीनंतर तिचे घर उतरवले. कौले, वासे, दाराची चौकट होडीत घालून जावई घेऊन गेला. वाडीतल्या बायका निरोपाला किनाऱ्यावर आल्या. आई आली नाही. ती घरात काहीतरी निवडत बसली होती. मी परत आले तेव्हा सुपात निवडण्यासारखे काही उरले नव्हते आणि तिचे हात तरी चालूच होते.

आम्हाला कोणी दोष दिला नाही. विहिरीवर बायका म्हणायच्या, "जसा होया तसा झाला." तेच जास्त लागायचे. कोणी तोंडावर काही बोलले असते तर भांडता तरी आले असते. आई संध्याकाळी माडांना पाणी घालायची ती आता भर दुपारी घालू लागली, जेव्हा विहिरीवर कोणी नसे. वडील उत्तरेकडच्या खिडकीशी बसायचे ते दुसरीकडे बसू लागले. आणि मला कोणी नंबर शोधायला बोलावले की मी शाळेचे काम काढायची.

पुढल्या उन्हाळ्यात आई आचऱ्याला गेली. आपणहून, न सांगता ठरवून. गोणपाटात नारळ बांधून घेतले आणि वाडीतल्या एका बाईच्या सोबतीने निघाली. दुसऱ्या दिवशी परत आली ती पाय न धुता ओटीवर बसली.

"काकी बरी आसा?" मी विचारले.

"बरी आसा. खायता जेवता. जावई वायट नाय." मग थांबून म्हणाली, "हळू बोलता गो ती."

मला आधी समजले नाही.

"हळू बोलता. जावयाचा घर मा ता. मी बाजूक बसलंय तरी माका आयकूक येय नाय. काय म्हणतंस, काय म्हणतंस, असा इचारूचा लागला माका. तिका!"

वडील आतून बाहेर आले. आईने त्यांच्याकडे बघितले.

"दर्याकडलो कोपरो तिका देवया," ती म्हणाली. "माड तोडूक नको. मधी घर बसात."

वडलांनी लगेच मान डोलावली. बरेच दिवस हेच वाक्य कोणीतरी बोलावे म्हणून ते थांबले होते, असे मला वाटले.

मी पुन्हा चावडीवर गेले. हिस्सा पाचमधून कोपरा तोडून नवा हिस्सा पाडायचा आणि काकीच्या नावावर करायचा, असे मी सांगितले. तलाठ्यांनी मान हलवली.

"नाही होणार बाई. इतका लहान तुकडा पाडायला कायद्याने बंदी आहे. घर बांधू दे तिला खुशाल. मी सात-बारावर 'इतर हक्क' म्हणून रकाना असतो, त्यात तिच्या घराची नोंद घालायला सर्कलसाहेबांना लिहितो. म्हणजे उद्या कोणी तिला उठवू शकणार नाही."

"पण जमीन तिची होणार नाही."

"जमीन तुमच्या वडलांचीच राहील."

काकीला आणायला आईच गेली. या वेळी मी बरोबर होते. काकी पडवीत बसून वाल सोलत होती. आईने कोपऱ्याची गोष्ट काढताच तिने वालाची टोपली बाजूला सारली.

"माका भीक नको हां," ती म्हणाली. तेही हळूच, आतल्या दाराकडे बघून.

"भीक कोण देता?" आई चिडून म्हणाली. "तुझ्या मासळेचो खत खाल्ले मेल्या माडांनी, तो मी परत दिलंय कधी? आणि दुपारी एकटी पाणी काढूक माका भिया वाटता. तू येतलंस की नाय ता सांग."

आईला कशाचीच भीती वाटत नसे. काकीला ते माहीत होते. तिने तोंडाला पदर लावला. मग सोललेले वाल मुलीच्या हवाली करून आली.

कोपऱ्यात दोन माडांच्या मध्ये घर उभे राहिले. कौले तीच, चौकट तीच. रस्त्याचे काम पुढे सुरू झाले. जुन्या घराच्या जागेवरून खडीच्या गाड्या जायच्या. काकी आपल्या दारातून त्या गाडीवाल्यांना धुळीवरून शिव्या घालायची, आणि त्या आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू यायच्या. आई ऐकत भाकरी थापायची.

नोंद झाल्यावर सात-बाऱ्याचा उतारा मी घरी आणला. आईला अक्षर येत नव्हते. तिने पाटावर बसून कागद मांडीवर घेतला.

"तिचा नाव खंय आसा?"

मी बोट ठेवले. उजव्या बाजूला, रकान्यात, बारीक अक्षरात.

"इतक्या कोपऱ्यात?"

"थयच लिवतत, आये."

"आणि आमचा?"

मी वर दाखवले. वडलांचे नाव ठळक होते, रकाना रुंद होता. आईने दोन्ही जागांवर आळीपाळीने बोट ठेवून पाहिले. मग कागदाची घडी माझ्याकडे दिली.

"तिका दाखव नको," ती म्हणाली. "लिवलला आसा इतक्याच सांग."

मी तसेच सांगितले. काकी म्हणाली, "बरा झाला." तिने कागद पाहायला मागितला नाही. मागितला असता तर मी काय केले असते, हे मला आजही ठरवता येत नाही.

दोनतीन वर्षांनी माझे लग्न होऊन मी बांद्याला गेले. सण असला की माहेरी यायची तेव्हा काकी आमच्या ओटीवर नाहीतर आई तिच्या खळ्यात, असेच चित्र दिसायचे. दोघी फार प्रेमाने वागत असे नाही. नारळ कोणाच्या खळ्यात पडला यावरून भांडायच्यासुद्धा. पण भांडणात आई मध्येच गप्प व्हायची. पूर्वी ती गप्प होणारी नव्हती. जागा देऊन ती मोकळी झाली असेल असे मला वाटले होते. तसे झाले नव्हते. ज्या गोष्टीत आमची काही चूक नव्हती तिचे ओझे चूक असलेल्या गोष्टीपेक्षा हलके नसते, हे मी तिच्याकडे बघून शिकले.

साठाचे दशक सरता सरता काकी गेली. मुलगी येऊन भांडीकुंडी घेऊन गेली. घर रिकामे पडले आणि दोन पावसाळ्यांत भिंती बसल्या. तलाठी बदलून नवे आले होते. त्यांनी इतर हक्कातल्या तिच्या नोंदीभोवती कंस केला. कंस म्हणजे नाव खोडत नाहीत, वाचता येते, पण ते आता चालू नाही, असे त्यांनी मला समजावून सांगितले. मला ते ठाऊक होते. मी मान हलवली.

वडलांनी त्या जोत्यावर नवा माड लावायचा विचार काढला. रोपही आणून ठेवले.

"थय नको," आई म्हणाली, आणि ते रोप तिने मागच्या परसात नेऊन लावले.